लागट की घराण्यातलं? एका दुर्मीळ त्वचारोगाची शंभर वर्षं

“डॉक्टर, हे लागट आहे का?” आणि लगेच, आवाज थोडा खाली आणून, “घराण्यात उतरतं का?” कोल्हापुरात त्वचेचा कुठलाही आजार असो, हे दोन प्रश्न ठरलेले. पहिला प्रश्न टॉवेल आणि ताट-वाटी वेगळी ठेवायची का, यासाठी असतो. दुसरा बहुतेक वेळा घरात सोयरीक जमायची असते म्हणून. दोन्हींपैकी एकाच प्रश्नाला ‘हो’ उत्तर असणार, अशी विचारणाऱ्याची समजूत असते. नायटा लागट आहे, गोवर लागट आहे. हिमोफिलिया घराण्यात उतरतो, तो लागत नाही. अशी सरळ वाटणी.

आज ज्या आजाराबद्दल लिहितो आहे, त्याने ही वाटणी मोडली. तो विषाणूमुळे होतो, म्हणजे एका अर्थाने लागट आहे. तो आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो, म्हणजे आनुवंशिकही आहे. आणि तरीही रुग्णाचं ताट वेगळं ठेवण्याची काहीएक गरज नाही. हे कोडं सुटायला जगभरच्या डॉक्टरांना ऐंशीएक वर्षं लागली. तोवर अनेक रुग्णांना दोन्हींकडचा बोल सोसावा लागला: शेजारी म्हणायचे लागण आहे, सासरचे म्हणायचे रक्तात खोट आहे.

आजाराचं नाव एपिडर्मोडिस्प्लेशिया व्हेरुसिफॉर्मिस. नाव घेताना आम्हा डॉक्टरांचीही जीभ अडखळते, म्हणून आम्ही ‘ईव्ही’ म्हणतो. हल्ली ईव्ही म्हटलं की लोकांना बॅटरीवरची गाडी आठवते, पण त्वचारोगात हे नाव गाड्यांच्या कितीतरी आधीपासून आहे.

सुरुवात लहानपणी होते, बहुधा शाळेत जायच्या वयात. हाताच्या पाठीवर, मनगटावर, कपाळावर, मानेवर चपट्या बारीक चामखिळी येतात. आपल्याकडे कोणी त्यांना मस म्हणतात. नेहमीच्या चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, या जात नाहीत, वाढत राहतात. दुसरीकडे छातीवर, पाठीवर, खांद्यावर पांढुरके किंवा तांबूस-तपकिरी, किंचित कोंडा सुटणारे डाग येतात. हे डाग हुबेहूब शिब्यासारखे दिसतात. दुखत नाहीत, फारसे खाजवत नाहीत. मग काय होतं? घरातले म्हणतात शिबं आहे, मेडिकलवाला बुरशीचं मलम देतो, आणि ते मलम वर्षानुवर्षं चालू राहतं. चामखिळींवर वेगळे प्रयोग होतात. घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं, चुना लावणं, बिब्बा घालणं. घोड्याच्या केसाने एखादी देठाची चामखीळ पडतेही, पण चपट्या चामखिळीला केस बांधणार कुठे? बिब्ब्याने कातडी भाजते, व्रण राहतो, आणि खाली काय चाललं आहे ते झाकलं जातं. बिब्बा मला अजिबात मान्य नाही, कोणत्याही चामखिळीवर.

या आजाराचं पहिलं वर्णन १९२२ साली छापलं गेलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातले फेलिक्स लेवांडोव्स्की आणि विल्हेल्म लुट्झ हे दोन त्वचारोगतज्ज्ञ त्याचे लेखक. लेवांडोव्स्की लेख छापून येण्याआधीच, १९२१ मध्ये, वारले. त्यांनी आजाराला दिलेलं नाव म्हणजे नुसतं नाव नव्हतं, एक निदान होतं. एपिडर्मिस म्हणजे त्वचेचा वरचा थर, डिस्प्लेशिया म्हणजे सदोष घडण, व्हेरुसिफॉर्मिस म्हणजे चामखिळीसारखं दिसणारं. थोडक्यात, या माणसाची त्वचाच जन्मतः नीट घडलेली नाही. दिसतात चामखिळी, पण या खऱ्या चामखिळी नव्हेत. पहिल्याच लेखात पारडं असं ‘घराण्यातलं’ या बाजूला झुकलं.

नेहमीची चामखीळ लागट असते हे तेव्हा माहीत होतं. इटलीतल्या ज्युसेप्पे चुफो या डॉक्टरने १९०७ मध्ये चामखिळीचा अर्क जिवाणूही अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळून स्वतःच्या हातात टोचला होता आणि तिथे चामखीळ उगवली होती. जिवाणूंहून लहान असं काहीतरी कारण आहे, हे त्यातून कळलं. त्यामुळे काही त्वचारोगतज्ज्ञ म्हणू लागले की बाझलचा हा ‘नवा’ आजार म्हणजे अंगभर पसरलेल्या साध्या चामखिळीच आहेत, उगाच नवं नाव कशाला. दुसरा पक्ष म्हणे, साध्या चामखिळी असतील तर त्या सख्ख्या भावंडांतच का दिसतात, आणि नवऱ्याला किंवा बायकोला का लागत नाहीत?

दुसऱ्या पक्षाला बळ मिळालं ते लंडनच्या कॉकेन यांच्याकडून. त्वचेच्या आनुवंशिक विकारांवर त्यांनी १९३३ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. ईव्हीच्या रुग्णांचे आई-वडील अनेकदा एकमेकांचे नातेवाईक असतात, हे त्यांच्या नजरेत भरलं. आई-वडील स्वतः धडधाकट, पण मुलांपैकी एक-दोघांना आजार. याला आनुवंशिकतेच्या भाषेत अप्रभावी गुणधर्म म्हणतात. आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, माणूस निरोगी राहतो, त्याला आपण वाहक म्हणतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच आजार होतो.

इथे हा विषय थेट आपल्या अंगणात येतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात नोंदवलं आहे की उत्तरेत नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचं, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करतात. निपाणी-बेळगावकडे, सीमाभागात, मामा-भाचीची लग्नंही ऐकिवात असतात. यात नीती-अनीतीचा काही प्रश्न नाही, जमिनीपासून जिव्हाळ्यापर्यंत त्याला कारणं आहेत. पण गणित सांगायला हवं. समजा आजोबांकडे एक बिघडलेली प्रत आहे. ती त्यांच्या मुलाकडे जाण्याची शक्यता दोनात एक, त्याच्या मुलीकडे जाण्याची चारात एक. आजोबांच्या मुलीच्या बाजूने नातवाकडे येण्याची शक्यताही चारात एक. या मामे-आत्तेभावंडांचं लग्न झालं तर दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळात एक, आणि त्यांच्या एखाद्या मुलाला आजार होण्याची शक्यता चौसष्टात एक. म्हणजे चौसष्टातल्या त्रेसष्ट वेळा काही होत नाही. त्यामुळेच “आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय, काही झालं नाही” हे म्हणणं खोटं नसतं. पण परक्या घरातली मुलगी असती तर तिच्याकडे नेमकी हीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता अगदीच नगण्य असते. आणि एकदा घरात एक मूल आजारी निघालं की गणित बदलतं. आई-वडील दोघेही वाहक आहेत हे आता पक्कं झालेलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक मुलाला धोका चारात एक. एकट्या आईला बोल लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की एका बाजूने हा आजार होतच नाही. (मूळ आजाराचे काही थोडे प्रकार इतर रीतीनेही उतरतात, इथे नेहमीचा प्रकार सांगतो आहे.)

म्हणजे ‘घराण्यातलं’ पक्ष जिंकला? तसं वाटत असतानाच १९४६ मध्ये उलट पुरावा आला, आणि आणणारे होते खुद्द लुट्झ. चोवीस वर्षांपूर्वी ‘चामखिळीसारखं, पण चामखीळ नव्हे’ असं नाव देणाऱ्या दोघांपैकी ते मागे राहिलेले. रुग्णाच्याच चामखिळीतला अंश त्याच्याच चांगल्या त्वचेत टोचला, तर तिथे नवी चामखीळ येते, असं त्यांनी दाखवलं. नुसत्या सदोष घडणीने हे होणार नाही. काहीतरी एका जागेवरून दुसऱ्या जागी जात होतं. पुढे साठच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या चामखिळींच्या पेशींत विषाणूंचे गोल कण स्पष्ट दिसले.

आता दोन्ही पक्ष बरोबर ठरत होते आणि त्यामुळे दोघांचंही म्हणणं अपुरं पडत होतं. विषाणू आहे, तर तो घरातल्या इतरांना का लागत नाही? जनुकांतच दोष आहे, तर विषाणूचं इथे काम काय?

या कोंडीतून वाट काढली ती वॉर्साच्या स्टेफानिया याब्वोन्स्का यांनी. या पोलिश बाईंबद्दल आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही, याची मला हळहळ वाटते. जन्म १९२० चा, मृत्यू २०१७ चा. वॉर्साचा त्वचारोग विभाग त्यांनी कित्येक दशकं सांभाळला. ईव्हीचे रुग्ण त्यांनी एकदा पाहून सोडले नाहीत, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासले. रोज ओपीडी करणारा डॉक्टरच ज्या गोष्टी पाहू शकतो, त्या त्यांनी पाहिल्या. ज्या रुग्णांच्या अंगावर नुसत्या चपट्या चामखिळी असत, त्यांचं सहसा बरं चाले. ज्यांच्या अंगावर शिब्यासारखे तांबूस डागही असत, त्यांतल्या अनेकांना तिशी-चाळिशीत त्वचेचा कर्करोग होई. तोही कुठेही नाही, कपाळ, कानशील, हाताची पाठ अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या जागी. १९७२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एका कर्करोगविषयक नियतकालिकात मांडलं की विषाणूपासून माणसाला कर्करोग कसा होतो हे शिकायचं असेल तर हा आजार नमुना म्हणून घ्या. सशांमध्ये असं होतं हे ठाऊक होतं: अमेरिकेतल्या रानसशांच्या चामखिळी विषाणूमुळे होतात हे रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये, आणि त्यांतून कर्करोग होतो हे पेटन राऊस व बिअर्ड यांनी १९३५ मध्ये दाखवलं होतं. पण माणसाची चामखीळ? ती निरुपद्रवी, असंच सगळे धरून चालले होते.

याब्वोन्स्कांना जोडीदार मिळाले फ्रान्समधले जेरार ऑर्थ. पोलंड तेव्हा पोलादी पडद्याआड, तरी वॉर्साच्या रुग्णांच्या त्वचेचे नमुने फ्रान्समध्ये तपासले गेले. १९७८ मध्ये त्यांनी जे छापलं त्याचा मथितार्थ असा: चामखिळीचा विषाणू, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस किंवा एचपीव्ही, एकच नाही, त्याचे प्रकार आहेत. ईव्हीमधल्या चपट्या चामखिळींत एक प्रकार सापडतो, शिब्यासारख्या डागांत दुसराच. या दुसऱ्याला आज आपण एचपीव्ही-५ म्हणतो. पुढे ईव्हीच्या रुग्णांच्या कर्करोगातही बहुतेक वेळा हाच, किंवा त्याचा भाऊ एचपीव्ही-८, सापडला. याब्वोन्स्कांनी नुसत्या डोळ्यांनी केलेली वाटणी विषाणूच्या पातळीवर खरी निघाली. १९८५ चं रॉबर्ट कॉख पारितोषिक दोघांना मिळून मिळालं.

एचपीव्हीचे काही प्रकार कर्करोग करतात, काही करत नाहीत, ही कल्पना पुढे किती कामाला आली पाहा. जर्मनीतले हाराल्ड त्सूर हाउझेन सत्तरच्या दशकापासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही शोधत होते. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला एचपीव्ही-१६ मिळाला, पाठोपाठ एचपीव्ही-१८. त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं श्रेय तिळभरही कमी न करता सांगतो, की चामखिळीच्या विषाणूचा माणसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्याआधी या मूठभर, लोकांनी ‘विद्रूप’ म्हणून दूर लोटलेल्या त्वचेच्या रुग्णांमध्ये दिसला होता.

त्यातून आलेल्या चाचणीची मोठी परीक्षा आपल्या मराठवाड्यात झाली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. एका गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी केली, दुसऱ्या दोन गटांच्या वेगळ्या तपासण्या, आणि चौथ्या गटाला नेहमीची सेवा. २००९ मध्ये निकाल छापला: एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीशिवाय ठेवलं, यावर पुढे टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. पण ज्या गावांत कर्करोगाचं नाव घ्यायलाही लोक बिचकत, तिथल्या बायकांनी पुढे येऊन तपासून घेतलं म्हणून आज जगभर ही चाचणी सुचवली जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीविरोधी लसही २०२३ पासून मिळते. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जरूर घ्यावी. मात्र ईव्हीचे विषाणू निराळे, त्यांच्यावर ती बनवलेली नाही.

आता मूळ कोड्याकडे. २००२ मध्ये फ्रान्समधल्याच गटाने सतराव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असलेली दोन जनुकं शोधली, एव्हर-१ आणि एव्हर-२. ईव्हीच्या अनेक कुटुंबांत यांपैकी एक बिघडलेलं होतं. २०१८ मध्ये सीआयबी-१ हे तिसरं जनुक सापडलं. या तिघांची प्रथिनं त्वचेच्या पेशीत एकत्र बसून काम करतात, आणि एचपीव्ही-५ च्या जातकुळीचे विषाणू पेशीत आले तरी त्यांना वाढू देत नाहीत. बाकीच्या एचपीव्हींकडे या पहाऱ्याला चकवण्यासाठी एक खास प्रथिन असतं, या जातकुळीकडे ते नसतं. म्हणून तुमच्या-माझ्या त्वचेवर हे विषाणू निमूट पडून असतात. होय, तुमच्या आणि माझ्याही. अगदी लहानपणी ते आई-वडिलांच्या, घरच्यांच्या स्पर्शातून येतात आणि बहुतेकांच्या अंगावर जन्मभर राहतात, एक पुळीही न आणता. ज्याच्या पेशींत हा पहारेकरीच नाही, त्याच्याच अंगावर ते माजतात.

म्हणून रुग्णाला वेगळं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून तुम्हाला जे ‘लागेल’ म्हणून भीती वाटते, ते तुमच्याकडे आधीपासून आहे. उलट त्याला मिळालं ते आपल्यासारख्या कोणाकडूनच. गोठ्यात म्हशीच्या सडावर मस दिसतात, त्यांचाही याच्याशी संबंध नाही. जनावरांचे पॅपिलोमा विषाणू वेगळे, ते माणसात चामखीळ करत नाहीत.

टीव्हीवर आणि मोबाईलवर तुम्ही ‘झाडमाणूस’ पाहिला असेल, हातापायांना खोडाच्या सालीसारखी वाढ झालेला इंडोनेशियाचा किंवा बांगलादेशचा रुग्ण. ईव्ही म्हटलं की लोक तेच चित्र दाखवतात आणि घाबरवतात. बहुतेक ईव्ही रुग्ण असे दिसत नाहीत. असल्या काही रुग्णांत विषाणूही निराळा, नेहमीच्या चामखिळीचाच, निघाला आहे. इराणमधल्या अशा एका रुग्णाच्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये सीडी-२८ नावाचा भागच नव्हता, हे २०२१ मध्ये कळलं. आणखी एक गोष्ट महत्त्वाची: एचआयव्ही असलेल्यांना किंवा मूत्रपिंड बदलल्यावर औषधं चालू असलेल्यांना मोठेपणी ईव्हीसारखेच डाग येऊ शकतात. मोठ्या माणसाला अचानक असे डाग आले तर घराण्याच्या शोधाआधी ही चौकशी करावी लागते.

निदान अवघड नाही, शंका यायला हवी. शिबं समजून मलम लावूनही सहा महिन्यांत डाग हलले नाहीत, किंवा शिब्याबरोबर हातावर चपट्या चामखिळीही आहेत, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. डागाचा कोंडा खरवडून बुरशी आहे का हे काही मिनिटांत दिसतं. नसेल, तर छोटा तुकडा काढून बायोप्सी. ईव्हीमध्ये वरच्या थरात मोठ्या, फुगलेल्या, निळसर-करड्या पेशी दिसतात. कोल्हापुरात सीपीआरच्या त्वचारोग विभागातही ही तपासणी होऊ शकते.

आजार मुळापासून घालवणारं औषध आज नाही. गोळ्यांनी, मलमांनी, गोठवून चामखिळी कमी होतात, औषध थांबलं की परत येतात. पण खरा धोका चामखिळींचा नाही, कर्करोगाचा आहे; वेगवेगळ्या नोंदींत ३० ते ६० टक्के रुग्णांना तो होतो, आणि त्यात उन्हाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे निदान झालेल्या मुलाला त्या दिवसापासून उन्हापासून जपायचं: पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन, आणि पुढे जमलं तर सावलीतलं काम. शेतातल्या घरात हे सांगणं सोपं आहे, पाळणं नाही, याची मला कल्पना आहे. निदान भर दुपारची पाळी तरी टाळा. दर सहा महिन्यांनी अंगभर तपासणी. कोणताही डाग जाड झाला, चिघळला, रक्त येऊ लागलं तर वाट न पाहता यायचं. लहान असताना काढलेली गाठ बहुतेक वेळा पुढे पसरत नाही. कर्करोग झालाच तर उपचार शस्त्रक्रियेचा. विकिरणाची शेक या रुग्णांना शक्यतो देत नाहीत, कारण त्याने गाठी अधिक आक्रमक होऊ शकतात. दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर आजाराचं पूर्ण नाव लिहिलेला कागद सोबत न्या.

भावंडांना एकदा कपडे काढून, चांगल्या उजेडात तपासून घ्या, डाग नसले तरी. घरात लग्न ठरवायचं असेल, विशेषतः नात्यात, तर आधी जनुकीय सल्ला घ्या. रुग्णाचं स्वतःचं लग्न नात्याबाहेर झालं, तर नेहमीच्या प्रकारात त्याची मुलं वाहक असतात, आजारी बहुधा नसतात.